जर्मनीत नवीन आलात? आधी क्लास लावा, सेटल होणं चालूच राहील

जर्मनीत आलेला जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस पहिले काही महिने एकच वाक्य बोलत असतो, "जरा सेटल होऊ दे, मग जर्मनचा क्लास लावायचा". आणि हे सेटल होणं काही संपत नाही. आधी घर, मग बँक, मग इन्शुरन्स, मग मुलांची किटा (पाळणाघर-बालवाडी) नाहीतर शाळा, मग हिवाळा आला म्हणून कंटाळा, असं करत वर्ष निघून जातं आणि जर्मन मात्र "हालो" आणि "च्युस" याच्या पुढे सरकलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. क्लास पहिल्या महिना-दीड महिन्यातच लावा, कारण सेटल होण्यातलं निम्मं काम भाषेचंच आहे आणि क्लाससाठी लागणारं निम्मं मटेरियल तुमच्या लेटरबॉक्समध्ये फुकट येऊन पडतं.

हे सगळं मी नोकरीसाठी आलेल्यांसाठी आणि त्यांच्यासोबत डिपेंडंट म्हणून आलेल्यांसाठी लिहितेय. स्टुडंट लोकांचं बरंचसं युनिव्हर्सिटी बघते.

एक उच्चाराचं आधीच सांगून ठेवते, जर्मन शब्द मी देवनागरीत लिहितेय आणि शेवटचा अर्धवट "अ" असतो ना, तो आपल्या "असं, तसं, घरं" मधल्या शेवटासारखा वाचा, जवळपास बरोबर येतो. "इश" (म्हणजे मी) मधला श खरं तर ह आणि श यांच्या मधला कुठेतरी आहे, तो ऐकून ऐकूनच बसतो.

पहिलं काम, आनमेल्डुंग

नवीन घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि ते ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी ऑफिसात, होतं (काही शहरांत ब्युर्गरब्युरो म्हणतात, काम तेच). मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत टर्मिनच (अपॉइंटमेंटच) मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे, तेव्हा टेन्शन घेऊ नका, मिळेल ती तारीख बुक करा, त्याचा ईमेल जपून ठेवा आणि सकाळी लवकर साइट रिफ्रेश करत राहा, कॅन्सल झालेले स्लॉट मध्येच दिसतात. सोबत पासपोर्ट, व्हिसा, फॉर्म आणि व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव बघून घाबरायचं नाही, "हे लोक अमुक तारखेपासून या घरात राहायला आले आहेत" असं घरमालकाने सही करून दिलेला एक पानाचा कागद असतो तो. नुसता भाडेकरार नेलात तर बहुतेक वेळा परत पाठवतात, तो कागदच लागतो, त्यामुळे किल्ली घ्यायला जाल तेव्हाच मागून घ्या. फॅमिली सोबत असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलांची बर्थ सर्टिफिकेट पण फाइलमध्ये असू द्या.

आणि दुसरं, याच्या इतकंच महत्त्वाचं, लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावा. इथे फ्लॅट नंबर नसतो बऱ्याच ठिकाणी, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि टॅक्स आयडी (11 आकडी नंबर, आयुष्यभर तोच राहतो), हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड, बँकेचा पिन, क्लासचं पत्र, सगळं पोस्टानेच येतं. जोडीदाराचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही नावं लावा. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कितीतरी बायकांची पत्रं केवळ दारावर फक्त नवऱ्याचं नाव आहे म्हणून परत गेलेली असतात.

कुठला क्लास लावायचा

आता मुख्य विषय. ढोबळ चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

पहिला म्हणजे सरकारी इंटिग्रात्सिऑन्सकुर्स. हा बाम्फ या सरकारी खात्यातर्फे चालतो, भाषेचे 600 तास आणि त्यानंतर देशाचा कायदा, इतिहास, समाज याचे 100 तास, एकूण 700 (तास म्हणजे 45 मिनिटांचा शाळेचा तास). फी साधारण निम्मी सरकार भरतं, निम्मी तुम्ही. टार्गेट बी1 (भाषेच्या लेव्हल एवन, एटू, बी1, बी2 अशा चढत जातात). सकाळचा फुल टाइम कोर्स असेल तर रोज चार-पाच तास बसावं लागतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला कठीण आहे पण डिपेंडंट जोडीदारासाठी याच्यासारखा कोर्स नाही. फॅमिली रियुनियनवर आलेल्यांना पुष्कळदा आउसलेंडरबेहोर्डं (परदेशी लोकांना परमिट देणारं ऑफिस) परमिट देतानाच कोर्सचं पत्र देतं. दिलं नाही तर तिथेच विचारा, लाजू नका, कारण हा हक्क परमिट मिळाल्यापासून एका वर्षानंतर संपतो. ज्यांना थेट हक्क नसतो त्यांच्या प्रवेशाचे नियम सरकारच्या बजेटप्रमाणे बदलत असतात, तेव्हा तीन वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्याला मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका, त्याच आठवड्यात बाम्फच्या साइटवर बघा. काही ठिकाणी कोर्सच्या वेळेत लहान मुलं सांभाळायची सोय पण असते, ती आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग फोल्क्सहोखशूलं, ज्याला सगळे "फाउहाएस" म्हणतात. प्रत्येक बऱ्यापैकी शहरात असते, नगरपालिकेशी जोडलेली, तिथे जर्मनपासून शिवणकाम आणि योगापर्यंत सगळं शिकवतात. खाजगी शाळांपेक्षा स्वस्त, संध्याकाळचे वर्ग असतात, शिक्षक बहुतेक अनुभवी. अडचण एकच, कोर्स भराभर भरतात. नवीन सेमिस्टर साधारण फेब्रुवारी-मार्चला आणि सप्टेंबरला सुरू होतं, त्याच्या काही आठवडे आधी प्रोग्रॅम येतो, तेव्हा ज्या दिवशी नोंदणी उघडेल त्याच दिवशी नाव घाला. आधी थोडं जर्मन शिकून आला असाल तर आइनश्टुफुंग्सटेस्ट घेतात, म्हणजे लेव्हल ठरवायची छोटी परीक्षा. इथे एक सांगते, आपल्याकडून एवन किंवा एटूचं सर्टिफिकेट घेऊन आलात तरी वरच्या लेव्हलला बसवा म्हणून भांडू नका, एक लेव्हल खाली बसलात तर पहिल्या महिन्यात तोंड उघडायला लागता, वर बसलात तर फक्त मान डोलवत बसावं लागतं.

तिसरा, खाजगी लँग्वेज स्कूल आणि ग्योथं इन्स्टिट्यूट (आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन म्हणजे हेच). चांगले असतात, महाग असतात. कंपनी पैसे देत असेल तर डोळे झाकून घ्या, आणि देते का हे एचआरला विचारा कारण बऱ्याच कंपन्या देतात पण स्वतःहून सांगत नाहीत. खाजगी शाळेत सही करण्याआधी क्युंडिगुंग म्हणजे कोर्स मध्येच सोडायचे नियम वाचा. लेखी कळवल्याशिवाय इथे बरीच काँट्रॅक्ट आपोआप बंद होत नाहीत, भाषेचा क्लास असो की जिम.

चौथा म्हणजे ऑनलाइन. डॉयचं वेलं (जर्मनीची रेडिओ-टीव्ही संस्था) आणि फाउहाएस, दोघांचेही फुकट ऑनलाइन कोर्स आहेत आणि खरोखर चांगले आहेत, पण मी ते क्लासच्या ऐवजी नाही तर क्लासच्या जोडीला घ्या असं म्हणेन. ऑनलाइन एकट्याने सुरू केलेला कोर्स कुठे संपतो ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे.

नोकरीवाल्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ धरा, त्याहून जास्त झेपत नाही. या वेगाने बी1 ला दोन वर्षं सहज लागतात, त्यात वाईट वाटायचं कारण नाही, फुल टाइम कोर्सचे 600 तास तुम्ही तीन-तीन तासांनी भरताय, हिशोब करून बघा. फक्त मध्ये सेमिस्टर सोडू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाऊन आलं की निम्मं विसरायला होतं, म्हणून तिकिटं काढताना कोर्सच्या तारखा बघा एवढं तरी करा.

आणि घरात दोघं असाल तर आधी डिपेंडंट जोडीदाराचा क्लास लावा, नोकरीवाल्याचा नाही. हे मी ठासून सांगते. नोकरीवाल्याला ऑफिसमध्ये इंग्लिश आहे, माणसं आहेत. घरी बसलेल्या माणसाला दिवसभरात एकही वाक्य कुणाशी बोलायला मिळत नाही, आणि डॉक्टर, किटा, शेजारी, पार्सल घेऊन येणारा, हे सगळे नेमके त्याच्याच वाट्याला येतात.

मराठी डोकं वापरा, इंग्लिश बाजूला ठेवा

आपण मराठी माणसं जर्मन इंग्लिशमधून शिकतो आणि मग म्हणतो किती अवघड आहे. खरं तर कितीतरी गोष्टी मराठीला जवळच्या आहेत. तीन लिंगं बघा, डेर, डी, डास, इंग्लिशवाल्याला हे संकटच वाटतं पण आपण तो, ती, ते घेऊनच जन्माला आलोय. नाही म्हणायला कुठल्या वस्तूचं कुठलं लिंग हे मराठीशी जुळत नाही, ते पाठच करावं लागतं, पण "खुर्चीला लिंग कशाला हवं" असा प्रश्न तरी आपल्याला पडत नाही. एक युक्ती, ज्या शब्दाच्या शेवटी "उंग" येतं तो डी, म्हणजे स्त्रीलिंगी. आनमेल्डुंग, व्होनुंग, रेश्नुंग, फेरझिशरुंग, क्युंडिगुंग, सरकारी कागदावरचे अर्धे शब्द असेच आहेत, तेवढ्यात अर्धं काम झालं. तसंच शेवटी "हाइट", "काइट" आलं की डी, "शन" (मेडशन मधलं) आलं की डास.

आदरार्थी बहुवचन पण तसंच. झी म्हणजे तुम्ही, डू म्हणजे तू. अनोळखी माणूस, डॉक्टर, ऑफिसमधली बाई, शेजारच्या आजी, सगळ्यांना झी. डू वर यायचं ते वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं. आयटी ऑफिसमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून सगळे डू, तिथे झी म्हटलंत तर हसतील. मुलांना डूच.

मग आकडे. 25 ला फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश म्हणजे आधी पाच मग वीस. इंग्लिशमधून जाल तर दरवेळी डोक्यात आकडा उलटा करावा लागतो, मराठीतून जा, पंचवीस मध्ये पण पाच आधीच आहेत. आणि एकोणतीस-एकोणचाळीसचा घोळ त्यांच्याकडे नाही, तेवढा आपल्याला बोनस. वेळ मात्र सांभाळून ऐका, हाल्प फिअर (शब्दशः "अर्धा चार") म्हणजे साडेतीन, साडेचार नाही. टर्मिन चुकायचं हे एक मोठं कारण आहे.

वाक्यरचनेतही तेच. वाइल (म्हणजे कारण) आलं की क्रियापद शेवटी जातं, "वाइल इश हॉयटं नाख म्युन्शन फारं", शब्दाला शब्द ठेवला तर "कारण मी आज म्युनिकला जाते". क्लासमध्ये याच धड्याला सगळे अडखळतात, आपण नको. आणि उच्चार, जर्मन झेड म्हणजे चाकातला च, चहातला नव्हे. शब्दाच्या सुरुवातीला एस आणि पुढे स्वर आला की झाडातला झ. उमलाउटवाला यू हवा असेल तर तोंडात ई म्हणा आणि ओठ ऊ सारखे गोल करा, आरशासमोर दोन मिनिटं केलं की येतो. घरच्यांनी हसू नये फक्त.

लेटरबॉक्स म्हणजे होमवर्क

क्लासच्या पुस्तकात कोणीतरी पिकनिकला जात असतं आणि तुमच्या हातात मात्र रुंडफुंकबायट्रागचं पत्र असतं. ही रेडिओ-टीव्हीची फी, घरटी महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. आनमेल्डुंग झालं की काही आठवड्यांत पत्र येतंच, बरेच जण फ्रॉड समजून फेकून देतात आणि मग थकबाकीचं पत्र येतं. फेकू नका, टेबलावर घ्या आणि असं वाचा.

वरच्या कोपऱ्यात तारीख आणि एक लांबलचक नंबर असतो, बायट्राग्सनुमर किंवा आक्टनत्साइशन, पुढे कधीही फोन केलात, मेल केला तर पहिले हा नंबर विचारतात. त्याखाली ठळक अक्षरात एक ओळ, ती म्हणजे विषय. त्यानंतर "झेअर गेएर्टं" वगैरे नमस्कार, तो सोडा. मग संपूर्ण पत्रात फक्त दोन गोष्टी शोधा, "बिस त्सुम" आणि त्यापुढे तारीख, म्हणजे त्या तारखेपर्यंत काहीतरी करायचंय, किंवा "इनरहाल्प फॉन फिअर वॉखन", म्हणजे चार आठवड्यांच्या आत. नंतर कुठे युरो लिहिलेत का आणि आसपास "यूबरवाइझन" आहे का बघा, म्हणजे पैसे पाठवा. एवढं सापडलं की पत्राचं सार कळलं. त्यानंतरच मोबाइलने फोटो काढून ट्रान्सलेट करा, आणि तुम्हाला लागलेला अर्थ बरोबर होता का पडताळा. आधी ट्रान्सलेट केलंत तर वर्षभर तेच करत राहाल. पत्रातले दोन-तीन नवीन शब्द वहीत, पत्र फोल्डरमध्ये. इथे कागद फेकायचे नसतात.

पिवळं पाकीट आलं तर मात्र लगेच उघडा. त्यावर पोस्टमनने पत्र टाकल्याची तारीख लिहिलेली असते आणि आक्षेप घ्यायची मुदत (बहुतेक वेळा एक महिना, काही पत्रांत दोनच आठवडे) त्या तारखेपासून मोजतात, म्हणून पाकीट पण जपून ठेवायचं. असं पत्र क्लासला घेऊन गेलात आणि शिक्षकांना ब्रेकमध्ये दाखवलंत तर बहुतेक शिक्षक आनंदाने समजावून सांगतात.

डॉक्टरला फोन, म्हणजे खरी परीक्षा

एटूला असताना फोनवर हाउसआर्त्स्टची म्हणजे फॅमिली डॉक्टरची टर्मिन घेता आली की समजा गाडी रुळावर आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, म्हणून सगळे टाळतात. पण संवाद दरवेळी तोच असतो, लिहून समोर ठेवा.

"गुटन टाग, माइन नामं इस्ट अमुक, इश म्यॉश्टं गेअर्नं आइनन टर्मिन." (नमस्कार, माझं नाव अमुक, मला अपॉइंटमेंट हवी आहे)
"वारन झी शोन माल बाय उन्स?" (आधी आलायत का आमच्याकडे)
"नाइन, इश बिन नॉय." (नाही, मी नवीन आहे)
"गेझेत्सलिश ओडर प्रिवाट?" (इन्शुरन्स सरकारी की प्रायव्हेट)
"गेझेत्सलिश."

आणि मग येतं स्पेलिंग. इथे घोळ होतो. जर्मन अक्षरांची नावं वेगळी आहेत, इंग्लिश "ए" म्हटलंत की ते ई लिहितात आणि इंग्लिश "ई" म्हटलंत की आय लिहितात. म्हणजे देशपांडे आडनावाचं काय होईल विचार करा. ए ला आ, ई ला ए, आय ला ई, जे ला योट, व्ही ला फाउ, डब्ल्यू ला वे, झेड ला त्सेट. स्वतःचं नाव, आडनाव आणि रस्त्याचं नाव या अक्षरांत घडाघडा म्हणता यायला हवं, पहिल्या आठवड्यात हेच पाठ करा, अभिवादनाच्याही आधी.

इमर्जन्सी असेल तर 112, पोलीस 110. रात्री-शनिवारी-रविवारी डॉक्टर हवाय पण जीवावर बेतलेलं नाही, तर 116117. हे तिन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि "श्मेर्त्सन" (दुखणं), "फीबर" (ताप), "झाइट गेस्टर्न" (कालपासून) हे तीन शब्द तरी येऊ द्या.

समोरचा इंग्लिशवर येतो त्याचं काय

बर्लिन, म्युनिकसारख्या शहरात हे रोजचं आहे. तुम्ही धीर करून एक जर्मन वाक्य जुळवता आणि समोरचा लगेच इंग्लिश सुरू करतो, त्याला मदत करायची असते बिचाऱ्याला. त्याला सांगायचं, "क्यॉनन वीअर बिटं डॉइच श्प्रेशन? इश लेअर्नं नॉख." मी अजून शिकतेय, जर्मनमध्येच बोलूया का. दहातले नऊ जण हसून हळू बोलायला लागतात. ब्युर्गरआम्टमध्ये मात्र उलटं, तिथे समोरच्याला इंग्लिश येत असलं तरी बोलेलच असं नाही, म्हणून एटू होईपर्यंत महत्त्वाच्या टर्मिनला जर्मन येणारं कुणीतरी सोबत न्या.

बोलायची प्रॅक्टिस क्लासमध्ये होत नाही, हे कटू आहे पण खरं आहे. वीस जणांच्या वर्गात तुमच्या वाट्याला किती मिनिटं येणार. त्यासाठी फेराइन बघा. फेराइन म्हणजे क्लब किंवा मंडळ, आणि जर्मन माणसाचा जीव फेराइनमध्ये असतो, बॅडमिंटनचा, बागकामाचा, गाण्याचा, ट्रेकिंगचा, बुद्धिबळाचा, सगळ्याचा फेराइन असतो आणि वर्गणी सहसा फार नसते. तिथे तुम्ही भाषा शिकायला आलेले नसता, शटल मारायला आलेले असता, त्यामुळे चुका कोणी मोजत नाही. शिवाय लायब्ररीत आणि चर्च किंवा नगरपालिकेच्या हॉलमध्ये श्प्राखकाफे चालतात, फुकट, आठवड्यातून एकदा, कॉफी पीत पीत बोलायचं. मराठी मंडळात जरूर जा, गणपतीला जा, दिवाळीला जा, पण शनिवार-रविवार फक्त आपल्याच लोकांत गेला तर सोमवारी क्लासमध्ये पुन्हा पहिल्या पानावर असाल.

बाकीचे किरकोळ पण रोजचे नियम, भराभर

रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची काही आणि बेकऱ्या काही तास उघड्या, शनिवारी सामान भरा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, आणि रविवारी दिवसभर ड्रिल मशीन वगैरे नाही, मिक्सर दोन मिनिटं फिरवलात तर कोणी पोलिसांना बोलावत नाही, घाबरू नका. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, त्यावर बहुतेक वेळा 25 सेंट फान्ट (डिपॉझिट) असतो, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकून परत घ्या. काचेच्या बरण्या रंगाप्रमाणे वेगळ्या डब्यात आणि त्याही रविवारी नाही. कचऱ्याच्या डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, जिन्यातली नोटीस वाचा, एवनला ती वाचता यायला हवी.

घराचं डिपॉझिट, काउत्सिऑन, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं (म्हणजे हीटिंग वगैरे सोडून नुसतं भाडं) असू शकतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, मालक एकदम मागत असेल तर विचारा. खिडक्या दिवसातून दोन-तीनदा पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, हिवाळ्यात पण, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि बिल तुमच्या नावावर येतं. आपला स्वयंपाक वाफेचा, त्यामुळे जरा जास्तच.

क्लासला रोज ये-जा असेल तर डॉइचलान्टटिकेट घ्या, जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो, देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात (फास्ट आयसीई नाही). ते सबस्क्रिप्शन आहे, बंद करायचं तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवायचं. कंपनी जॉबटिकेट (कंपनीमार्फत मिळणारा पास) देते का तेही विचारा, स्वस्त पडतं. आणि भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. थिअरी इंग्लिशमध्ये देता येते, पण गाडीत मागे बसलेला परीक्षक जर्मनच बोलतो, लिंक्स, रेश्ट्स, गेराडंआउस (डावीकडे, उजवीकडे, सरळ) एवढं पक्कं पाहिजे.

बी1 चा कागद कशासाठी

पुष्कळ जण विचारतात की ऑफिस इंग्लिशमध्ये चालतं तर परीक्षा कशाला द्यायची. तर हिशोब असा. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट) एवन असेल तर 27 महिन्यांनी पीआर (कायमचा राहायचा परवाना) मिळू शकतो, बी1 असेल तर 21 महिन्यांनीच. साध्या स्किल्ड वर्कर परमिटवाल्यांना तीन वर्षं आणि बी1 लागतंच. (तेवढे महिने पेन्शनचे पैसे भरलेले असले पाहिजेत, पगारातून कापले जातातच.) सिटिझनशिपसाठी पाच वर्षं, बी1 आणि आइनब्युर्गरुंग्सटेस्ट, 33 प्रश्न, त्यातले 17 बरोबर हवेत, सगळे 310 प्रश्न आधीच ऑनलाइन उपलब्ध आहेत, ती परीक्षा अवघड नाही. 2024 पासून जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात पण भारताला चालत नाहीत, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) घ्यावं लागतं, तो निर्णय ज्याचा त्याचा.

परीक्षा कुठली? इंटिग्रात्सिऑन्सकुर्स केलात तर शेवटी त्यांचीच परीक्षा असते. बाकीच्यांना ग्योथं किंवा टेल्क. ग्योथं बी1 चे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग आहेत, प्रत्येकात 60 टक्के हवेत, आणि एखाद्या भागात राहिलात तर तेवढाच भाग परत देता येतो. बहुतेक जण लेखनात किंवा ऐकण्यात अडकतात, बोलण्यात नाही. ऐकण्यासाठी डॉयचं वेलंच्या हळू वाचलेल्या बातम्या रोज ट्राममध्ये ऐका, लेखनासाठी ईमेलचे ठरावीक साचे पाठ करा, तक्रार, माफी, आमंत्रण, टर्मिन बदलणं, याच्या बाहेरचं फारसं येत नाही. परीक्षेची तारीख मोठ्या शहरांत लवकर भरते, त्यामुळे कोर्स संपायची वाट न बघता तीन महिने आधी बुक करा, जवळच्या लहान गावातल्या फाउहाएसमध्ये जागा पटकन मिळते, तासभर ट्रेनने गेलं तरी चालतं. निकाल यायला काही आठवडे लागतात, पीआरच्या अर्जाची टर्मिन घेताना ते धरा. सर्टिफिकेट आलं की स्कॅन करा, मूळ प्रत फाइलमध्ये, आणि नोकरी शोधणारे असाल तर लगेच बेरूफ्सश्प्राखकुर्सची चौकशी करा, बी1 च्या पुढचा, कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या जर्मनचा सरकारी कोर्स आहे तो, नोकरी शोधत असाल तर आर्बाइट्सआगेन्टूरमध्ये (सरकारी रोजगार कार्यालयात) त्याचं पत्र मागता येतं.